देवळामागचा चर

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण देवीच्या भंडाऱ्याची आमटी खायला पेठेकडून पावणे यायचे आणि ती आमटी माझ्या हातची असायची. बढाई नाही, खरं ते सांगतो.

चैत्रात भंडारा. घराघरातून भाकरी यायच्या, कोणाच्या बाजरीच्या, कोणाच्या ज्वारीच्या. सगळ्या एका धुतलेल्या धोतरावर पडायच्या. मग कोणाची भाकर कोणाच्या पानात गेली ते देवीलाच ठाऊक. आमटी मात्र एकाच काहिलीत, गुळाच्या गुऱ्हाळावर असते तसल्या थोरल्या कढईत. देवळामागं चर खणायचा, दोन्ही काठांवर काहील टेकवायची, खाली बाभळीची लाकडं. नैवेद्याआधी चाखायचं नाही, म्हणून मीठ नजरेनंच. माझी नजर कधी चुकली नाही.

चराची जागा माझ्या बापानं धरलेली. भंडारा झाला की बुजवायचा, पुढच्या साली तिथंच उकरायचा. नव्वद साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा धाकटा भाऊ फावडं टेकून म्हणाला, "दादा, ही जागा सोडू. माती नुसती भुसभुशीत झालीया, निम्मी राखच हाय. चार हात तिकडं सरकू."

"बापानं धरल्याली जागा हाय ही."

"बापाच्या येळंला काहील केवढी व्हती? आता चौघांना उचलत न्हाई."

"तुला भ्या वाटतंय तर जा, बायकांत बसून कांदं चिर."

माणसं हसली. तोही हसला आणि खणायला लागला.

दिवस मावळायला आरती सुरू झाली. आमटीला उकळी फुटलेली. मी अलीकडं, भाऊ पलीकडं डाव घेऊन. त्याच्या बाजूचा काठ ढासळला. आवाजसुद्धा झाला नाही, नुसती माती बसली आणि काहील त्याच्या अंगावर कलंडली. तो ओरडला नाही. ओरडलो मी.

टेंपोत घालून मंचरच्या दवाखान्यात नेला. गावानं त्या सांजेला कोरड्या भाकरी घरी नेल्या.

दोन महिन्यांनी तो परत आला. गुडघ्यांमागची कातडी आखडलेली, पाय सरळ होईनात. माणसं भेटायला यायची, खोदून विचारायची. मी सांगितलं, "उंदरांनी काठ पोखरला व्हता." भाऊ बाजेवर पडून ऐकत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "व्हय, औंदा उंदीर लई झाल्यात."

पुढच्या साली गावानं चर लिंबाखाली नेला. मला बोलवायला आले. म्हणालो, जागा बदलली, मी येत नाही. घरी बसून देवळावरचा भोंगा ऐकला. सांजेला भावजय किटली घेऊन आली.

"कांदं तुमच्या भावानं चिरल्यात," ती खाली बघून म्हणाली. "उभं ऱ्हाता येत न्हाई, म्हणून बायकांत बसलं व्हतं. तुमाला द्या म्हणालं."

"ठेव तिथं."

मी हात लावला नाही. दोन दिवसांनी आंबलेली आमटी उकिरड्यावर ओतली.

नऊ वर्षं तो बायकांत बसून कांदे चिरत राहिला. दर साली किटली यायची. एक वाक्य बोलायचं होतं मला, तुझं बरोबर होतं. एका बांधाला शेत, एका भिंतीला घर. बोलायला जागा कमी नव्हती. पिकाचं बोललो, बैलांचं बोललो. ते बोललो नाही. मग एका हिवाळ्यात तापानं तो गेला.

तेराव्याला त्याच्या अंगणात काहील आणली. चर कुठं खणायचा म्हणून माणसं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी पहार घेतली. जमीन ठोकत ठोकत कडक लागेपर्यंत गेलो.

"तितं न्हाई, माती पोकळ हाय. चार हात हिकडं सरका."

भावजय दारात होती. जन्मात माझ्याकडं मान वर करून बोलली नव्हती.

"आता व्हय, दादा?"

ती आत गेली. माणसं खणायला लागली. मीठ किती घालायचं म्हणून कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, तुमचं तुमी बघा.