माळवदावरची भिंत

शाळा माझी दोन यत्तांची, त्याबी उर्दूत. पर घर कसं बांधावं हे मला कुणी शिकवू नये. आमच्या गल्लीत अकरा घरं होती आन् माळवदं सगळी एकाला एक लागून. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर लिंबाचा पाला आन् वर हातभर पांढरी माती. या टोकाला चढलं की पार त्या टोकाच्या चिंचेपर्यंत जाता यायचं, जमिनीला पाय लावायची गरज न्हाई. चिंचेची एक फांदी शेवटच्या माळवदावर टेकलेली होती. तिच्यावरून ओढ्यात उतरता यायचं, म्हणून तिला कुणी कुऱ्हाड लावत नसे.

मिरगाच्या आधी एक दिवस ठरवून साऱ्या गल्लीनं वरची माती बदलायची. एकानं जरी टाळलं तरी पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरायचं. एका साली शेजारच्याच घरातल्या माझ्या चुलतभावानं टाळलं. बैल बघायला सोनपेठच्या बाजाराला गेला. त्याच रात्री पाऊस झाला, दोन घरांचा सांधा फुटला, माझी भिंत बसली आन् तिच्याखाली गाभण म्हैस मेली.

तो परत आला तेव्हा मी चिखल उपसायलो होतो.

"माती का टाकली न्हाईस?"

"माळवद काय पळून चाललंय व्हय? टाकतो की उद्या."

हातातल्या खोऱ्याचा दांडा मी घातला. ज्वारीचं धांडं मोडावं तसं त्याचं उजवं कोपर मोडलं. त्यानं माझ्या खांद्याचा लचका तोडला. त्याची आई, माझी चुलती, मधी पडली. माझी आई बाळंतपणात गेली तेव्हा तिनंच मला अंगावर पाजलेलं.

"माझ्या दुधावर वाढलास ना रं तू?"

मी तिलाबी ढकललं.

मग दोन घरांच्या मधी माळवदावर भिंत घातली. पुरुषापेक्षा उंच, दीड हात रुंद. भुसा घालून चिखल आठ दिवस तुडवला. गल्लीतली म्हातारी माणसं म्हणाली, माळवद गल्लीचं असतं. मी म्हणलो, "माझ्या घरावरचं आभाळबी माझंच हाय."

निजामाच्या शेवटच्या साली भर दुपारी बंदूकवाले आले. गल्लीच्या वरच्या टोकाला त्यांनी कडबा पेटवला आन् खाली उतरेल त्याला गोळी घालायले. तिकडच्या सहा घरांतली माणसं माळवदावर चढली आन् चिंचेकडं पळत आली. मधी माझी भिंत. मी चिंचेच्या अंगाला होतो. बायको फांदीवरून उतरली होती, मलाबी उतरता आलं असतं. पर भिंतीवर हात बडवल्याचा आवाज येत होता. मी पहार घेतली.

भिंत फुटंना. वरची माती पडायची, आतली दगडासारखी.

"लय पक्की बांधलीस रं, मुडद्या!" पलीकडून चुलतभाऊ ओरडला.

"गप! खालून लाथा घाल!"

माणूस सरपटून येईल एवढं भोक पडलं. एकेकीला हाताला धरून ओढलं. गुडघे सोलले, एकीचा कान भिंतीतल्या खड्यानं फाटला. चुलती मागं उभी राहून म्हणत होती, "आधी लेकुरवाळ्या जाऊ द्या." तिची पाळी आली तवर बंदूकवालेबी माळवदावर चढले होते. तिचे हात माझ्या हातात होते. ते एकदम जड झाले. तरी मी ओढली. अलीकडं आली तेव्हा पाठीतून रक्त वाहत होतं आन् जीव न्हवता. तिच्या मागून तिचा लेक आला, मोडका हात छातीशी धरून.

वरची चार घरं जळाली. उरलेली भिंत मी दुसऱ्या दिवशी एकट्यानं पाडली. माफी मागितली न्हाई.

पुढच्या मिरगाआधी मातीच्या दिवशी चुलतभाऊ वर आला. डाव्या हातानं टोपलं ओढत आणलं आन् सांध्यावर पालथं केलं.

"इथं दाब," म्हणला. "माझा हात चालत न्हाई."

मी दाबायला बसलो.