एका बाटलीत मुरुड

फोन सकाळी साडेसातला आला. मी नांदेडच्या घरी मेथी निवडत बसले होते. पलीकडून माझी जाऊ शांता म्हणाली, "ताई, ह्यांनी चहा मागितला, मी घेऊन आले, तर बसल्या जागी…" मी मेथी तशीच टाकून निघाले. लातूरला पोचले तर दिरांच्या गॅरेजसमोर एवढी माणसं की रिक्षा गल्लीत शिरेना. एक अनोळखी गृहस्थ मला धरून सांगत होते, "मावशी, माझ्या गाडीचं बॉनेट न उघडता सांगितलं हो त्यांनी, तिसऱ्या सिलिंडरला खोकला झालाय म्हणून." माझे धाकटे दीर, आमचे दत्तूभावजी, तसेच होते. सव्वा महिना झाला जाऊन. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पुढचं सगळं वर्तमानपत्रं वाचून वाचून शिकले. तेव्हा जसं बोलते तसंच लिहिते आहे, सांभाळून घ्या.

इंजिन ऐकायची त्यांची एक तऱ्हा होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचं, मूठ कानाला, अन् डोळे मिटून उभं राहायचं. देवापुढंही हा माणूस इतका स्थिर उभा राहिला नाही कधी. लिलावातली जुनी पेट्रोल जीप त्यांनी घेतली ती पळवायला. डोंगराच्या चढावर हौशी लोक गाड्यांच्या शर्यती लावायचे, त्याचं भारी वेड. जीप हलकी व्हावी म्हणून टप काढला, मागच्या सीटा काढल्या, अन् मोठी टाकी काढून तिथं स्कूटरची टाकी बसवली. मला म्हणाले, "बसा वहिनी, औशाला चहा पिऊन येऊ."

"ह्या सांगाड्यात? माझं लेकरू लहान हाय अजून!"

पण बसले. खोटं कशाला सांगू, शेतं अशी मागं सरकत होती की मी ओरडले, अन् ते भीतीनं नव्हे. चाळीशीला आलेली बाई मी, पण अंगात वारं भरणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

मग भूकंप झाला. विसर्जनानंतरची ती पहाट. नांदेडला आमची मांडणीवरची भांडी वाजली, तिकडं गावंच्या गावं जमिनीला मिळाली. उजाडता उजाडता दत्तूभावजी जीप घेऊन किल्लारीकडं निघाले. त्यांच्या इतक्या लवकर पोचणारं दुसरं वाहन कुठलं असणार? जखमी माणसं घेऊन दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला दगडमातीतून काढलेला एक म्हातारा फळीवर आडवा घातला, उशाला त्याची सून. औशाच्या अलीकडं जीप गचके खाऊन थांबली. पेट्रोल संपलं होतं. ती टाकी अन् ते इंजिन एकट्या माणसाला घेऊन चढ चढायच्या बेतानं बसवलेलं. तीन माणसांचं ओझं ओढताना ते किती पिईल, ह्याचा अंदाज त्यांच्यासारख्या कानवाल्या माणसालाही आला नाही. अर्ध्या तासानं एक ट्रक थांबला. दवाखान्याच्या दारात म्हातारा गेला.

डॉक्टरांनी सांगितलं, छातीच दबली होती, अर्ध्या तासानं काही फरक पडला नसता. मीही तेच समजावलं. भावजी म्हणाले, "डॉक्टर चांगला माणूस हाय वहिनी. म्हणून तसं बोलला."

शर्यती सुटल्या त्या सुटल्याच. पण जीप त्यांनी विकली नाही, अन् हळूही केली नाही. त्यांनी वेगळाच ध्यास घेतला. सलाईनची रिकामी बाटली दांडीला टांगायची, तिच्यात बरोबर एक लिटर पेट्रोल, नळी थेट कार्बोरेटरला, टाकी बंद. मग लातूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या मुरुडच्या रस्त्याला लागायचं अन् जिथं गाडी थांबेल तिथं उतरून मैलाचा दगड बघायचा. ऍव्हरेज काढायची ही रीत सगळ्या मिस्त्र्यांना ठाऊक आहे. पण भावजींना एका बाटलीत मुरुड गाठायचं होतं, तेही जोर न सोडता. मी एकदा म्हटलं, जरा हळू चालवा, पोचाल. तर म्हणाले, "हळू कुणीबी जाईल. बैलगाडीला तर बाटलीबी लागत न्हाई."

जुने शर्यतवाले गॅरेजात येऊन टोमणे मारायचे. "काय दत्ता, कमी पिणाऱ्याला कप देऊन राहिले का आता?" भावजी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून उभे… ऐकलं तरी ऐकलं नाही.

तोवर लातूर बदललं होतं. घरटी वरचा मजला चढवलेला, खोल्या पोरापोरींना भाड्यानं दिलेल्या, चौकाचौकात पहिल्या आलेल्यांचे फोटो. बिलोली-कंधारकडचे आईबाप ट्रंका घेऊन उतरायचे. आम्हीही माझी लेक सुनंदा अकरावीला क्लाससाठी तिच्या काकांकडं ठेवली. महिन्यानं बघायला गेले तर पोरगी जीपमध्ये बाटली धरून बसलेली! मी कडाडले, "भावजी, डॉक्टर व्हायला पाठवलंय तिला, बाटली धरायला न्हाई!"

"रागवू नका वहिनी. थेंब कुठं वाया जातो ते तिला दिसून राहिलं. मला नुसतं ऐकू येतं."

पोरगी डॉक्टर झाली नाही. इंजिनियर झाली अन् पुण्यात गाड्यांच्या चाचण्या घेते.

भावजींची जीप मुरुडला कधीच पोचली नाही. दरवर्षी थोडी पुढं जायची, कधी एक दगड, कधी अर्धा. मग कार्बोरेटर गेले, कॉम्प्युटरवाल्या गाड्या आल्या. मी फोनवर त्यांना बातम्या वाचून दाखवायची. एकदा वाचलं, एकेका कंपनीच्या सगळ्या गाड्या मिळून सरासरी किती तेल खावं ह्यालाही आता नियम आलाय, अन् तो अजून कडक होणार. मी विचारलं, "मग पळणारी गाडी मरणार का हो?"

 मग म्हणाले, "आळशी गाडी मरंल. तेल घ्यायचं अन् धूर करून फेकायचं, त्याला जोर कोण म्हणतं? नियम करणाऱ्यालाबी कधी रस्त्यावर तेलावाचून अडलेलं माणूस दिसलं असंल…" मग हळूच म्हणाले, "पण माझ्या कानाचं काय व्हईल, ते ठाऊक न्हाई."

गेल्या दिवाळीत सुनंदा अर्धी पेट्रोलवर, अर्धी विजेवर चालणारी नवी गाडी घेऊन आली. मला नांदेडहून उचललं अन् गाडी काकांच्या दारात उभी केली. भावजींनी बॉनेटवर कान ठेवला.

"बंद हाय की ही."

"चालू आहे काका."

त्यांनी पुन्हा कान लावला. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. देवळाचा गाभारा उघडावा अन् आत अंधारात काहीतरी श्वास घेत असावं, तसा. सुनंदानं स्टिअरिंगकडचं दार त्यांच्यासाठी उघडून धरलं. ते म्हणाले, "तू चालव माय. जोरात घे, मुरुडला. मी मागं पडतो."

अन् सत्तरी ओलांडलेला हा माणूस मागच्या सीटवर गुडघे मुडपून खरंच आडवा झाला. आम्ही दोघी पुढं. गाडी निघाली ती अशी की मी मनात देव आठवले, अन् आवाज म्हणाल तर नुसता वाऱ्याचा. मुरुडच्या पाटीशी सुनंदानं थांबवली, किती पेट्रोल लागलं त्याचा पडद्यावरचा आकडा बघितला अन् म्हणाली, "काका, बाटलीत उरलंय अजून."

 मी वळून बघितलं. ते काचेतून वर बघत तसेच पडले होते, डोळ्यांच्या कडा ओल्या.

"वहिनी, फळीवरचा तो म्हातारा सारखं म्हणत होता, आभाळ पळून राहिलंय, आभाळ पळून राहिलंय. मला वाटलं, भ्रमलाय. म्हणून मी त्याला एकदाबी हो म्हटलं न्हाई." उठून बसले, पंच्यानं तोंड पुसलं. "खरंच पळतं वो. आडवं पडलं की आभाळच पळतं."

सुनंदा अजून मला पुण्याला न्यायला येते. मी पुढं बसत नाही आता. मागं बसते, अन् लातूर मागं पडलं की जरा आडवी होते.