घरचा अंगठा

गोपिकाबाई पौनीकर आमच्या शेजारी लुगडी विणायच्या. घरात दोघीच, त्या आणि धाकटी जाऊ भागीरथा. दोघीही विधवा, मूलबाळ कुणालाच नाही. विणकर सोसायटीतून सूत आणायला जी मोकळी असेल ती जायची आणि गोपिकाबाईंच्या नावापुढे स्वतःचा अंगठा उठवून यायची. अंगठा घराचा असतो, अशीच दोघींची समजूत. मी शाळामास्तर. मला हे ठाऊक होतं, पण कधी हटकलं नाही.

पुढे गोपिकाबाईंना दिसेनासं झालं आणि माग बंद पडला. ब्याऐंशी साली त्यांचा निराधार अनुदानाचा अर्ज मीच भरला, ओळख पटवल्याची सहीही मीच केली. अनुदानाच्या कार्डावर अंगठा द्यायला कचेरीत बोलावलं त्या दिवशी बाई तापानं फणफणल्या होत्या. भागीरथा गेली, जावेचं नाव सांगितलं, अंगठा लावून आली. दर महिन्याला साठ रुपयेही तीच आणायची. त्यात लबाडी आहे हे त्या दोघींच्या डोक्यातसुद्धा आलं नसेल.

दोन वर्षांनी भागीरथा काविळीनं गेली. त्याच सुमारास बोंब उठली की मेलेल्यांच्या नावावर जिवंत माणसं पैसे उचलत आहेत. सगळ्यांची ओळख तपासायचं ठरलं. चोर पकडायलाच हवे होते, याबद्दल माझं आजही दुमत नाही. गोपिकाबाईंना मी स्वतः रिक्षात घालून कचेरीत नेलं.

तिथले कारकून महादेवराव भला माणूस. बाईंना स्टूल दिलं, पाणी दिलं. मग बाईंचा नवा ठसा घेऊन भिंगातून त्याच्या रेषा कार्डावरच्या ठशाशी ताडून पाहिल्या.

"मास्तर, ह्यात शंख हाय. कार्डावर तर चक्र हाय."

बाई माझ्या दिशेनं वळल्या. माझ्यातला मास्तर नको तेव्हा जागा झाला. म्हटलं, "बाई, झालं ते खरं सांगून टाका. घाबरू नका."

त्यांनी सांगितलं. "भागीरथेचा हाय जी तो. मले ताप होता. घरचाच अंगठा होता ना, साहेब."

"ती कुठं हाय?"

"गेली जी, पोळ्याच्या आधी."

महादेवरावांनी पेन खाली ठेवलं. "मग कार्डावरची बाई मेली. कार्ड बंद."

"अहो, ह्या जिवंत बसल्या आहेत तुमच्यासमोर!" मी ओरडलोच. "ह्याच गोपिकाबाई. मी लिहून देतो."

"मागच्या वेळी तुम्हीच लिहून देल्लं होतं, मास्तर."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. त्यांनी जबाब लिहिला, "कार्डावरील अंगठा देणारी स्त्री मयत." खाली बाईंचा अंगठा हवा होता. त्यांना जागा दिसेना. मग मीच त्यांचा हात धरला आणि अंगठा कागदावर टेकवला.

परतताना रिक्षात बाई बोटाची शाई पदराला पुसत होत्या. चेहऱ्यावर समाधान होतं.

"खरं सांगतलं ते बरं झालं, गुरुजी. आता पैसे कधी भेटतीन?"

"पुढच्या महिन्यात," मी म्हणालो.