ठमीचे थेंब

घारोबा जमिनीवर असला की घरातल्या वस्तूंना धोका असे. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये तो दिवसभर बूड न हलवता बसे. खाली उतरला की मात्र पायांना भिंगरी. खुर्ची इथून उचलून तिथे ठेव, नळ घट्ट कर, घट्ट असलेला आणखी घट्ट कर. घारोबा हे नाव त्याला साइटवरच्यांनी दिलेलं. खाली उभ्या माणसाच्या शर्टाचं तुटलेलं बटण त्याला वरून दिसतं अशी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा होता.

अशा माणसाच्या नऊ वर्षांच्या लेकीला, ठमीला, फळ्यावरचं दिसेनासं झालं. आधी त्याला तो स्वतःचा अपमान वाटला. मग भाऊ आठवला. थोरल्या भावाला लहानपणापासून जाड भिंगं; नंबर वाढतच गेला आणि पन्नाशीच्या आत एका डोळ्याचा पडदा सुटला. तो डोळा गेलाच. ठमीची भिंगं वर्षात दुसऱ्यांदा बदलली, तेव्हापासून घारोबा जेवता जेवता ताटावरून उठू लागला.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "नंबर उतरत नाही. वाढायचा वेग कमी करता येतो. रोज बाहेर उजेडात खेळू दे. पुस्तक नाकाला लावून वाचू देऊ नका. आणि हे थेंब." त्या पुढचं सांगत होत्या तेव्हा घारोबा खिडकीतून समोरच्या इमारतीवरची क्रेन बघत होता. तिथला ऑपरेटर हुक फार झुलवत होता.

"बाटलीवर सगळं लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"हो, हो."

घरात हे खातं त्याने स्वतःकडे घेतलं. बायको बेकरीत कामाला. अंधार असताना निघायची आणि संध्याकाळी पहिल्या घासालाच पेंगायची. तेव्हा थेंब सकाळी, शाळेआधी, साहेबांच्या देखरेखीखाली.

"बाबा, हे सकाळीच घालायचे ना?" ठमीने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"बापाला शिकवू नकोस. मान वर कर."

केबिनमधून ठमीच्या शाळेचं मैदान दिसे. मधल्या सुट्टीत पोरं सांडल्यासारखी बाहेर यायची आणि त्यातली एक पिवळी टोपी सरळ भिंतीच्या सावलीत जाऊन बसायची. रोज. खालून सिग्नलवाला वॉकीटॉकीवर ओरडे, "घारोबा, माल इकडे आहे, शाळेत नाही."

घरी तो येरझाऱ्या घालत म्हणे, "पुस्तक घेऊन बसते. सावलीत. मुद्दाम."

"उन्हात डोळे दिपतात म्हणते," बायको म्हणाली.

"पुस्तकात नाही दिपत?"

"अहो, तिला जरा नीट विचारा तरी."

"विचारायचं काय? मला वरून सगळं दिसतं."

सहा महिन्यांनी तपासणीत नंबर चांगलाच वाढलेला निघाला. घारोबा खुर्चीतून उठला, बसला, पुन्हा उठला. "थेंब एक दिवस चुकवलेला नाही. रोज सकाळी, माझ्या हाताने."

"सकाळी?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "बाटलीवर काय लिहिलंय, वाचा."

त्याने बाटली डोळ्यांसमोर धरली. मग थोडी लांब. मग आणखी लांब. शेवटी हात संपला.

ठमीने मान वाकडी करून वाचलं, "रोज रात्री झोपताना." आणि बापाकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं, तुला माहीत असेल."

"सकाळी घातले की बाहुली दिवसभर मोठी राहते," बाई म्हणाल्या. "उजेड टोचतो. ही उन्हात थांबणार कशी?"

"मग नंबर त्यामुळेच वाढला?"

"तसं सांगता येणार नाही. काही मुलांचा सगळं करूनही वाढतो. पण उजेडातलं खेळणं बुडालं, हे खरं."

घारोबाला भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ लख्ख दिसत होती. ती तो मनातल्या मनात वाचत राहिला.

"आता तुम्ही बसा या खुर्चीत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला चाळिशी लागलीय. किती दिवस लपवताय?"

"लपवत नव्हतो. वाचायचं काम पडत नाही."

"पडलं की," ठमी म्हणाली.

आता थेंब रात्री. घारोबा नाकावर चाळिशी चढवून आधी बाटली वाचतो, रोज, पाठ असूनही. ठमी मान वर करून वाट बघत बसते. "बाबा, तेच लिहिलंय अजून," ती म्हणते. थेंब घालून झाले की तो नळ घट्ट करायला जातो. पुढच्या तपासणीत काय निघेल ते बाईंनाही माहीत नाही.

परवा मधल्या सुट्टीत हुक रिकामा लटकत होता. खालून आवाज आला, "घारोबा, झोपलास का?"

"थांब जरा."

पिवळी टोपी भिंतीपाशी गेली, सावलीत टेकली. घारोबा काचेला नाक लावून उभा राहिला. मग टोपी उठली, मैदानाच्या मधोमध आली आणि कुणाच्या तरी मागे पळत सुटली. भर उन्हात.

तो सीटवर बसला, उठला, पुन्हा बसला. वरती असा तो पहिल्यांदाच चुळबुळत होता.