पाहणीच्या दिवशीची पाच कुलपं

नऊ वर्षं मी सडक अर्जुनीकडच्या खेड्यांत घरोघर फिरून बाळंतपणं केली. तेवढ्या काळात लोकांनी मला किती चिंचांवरच्या हडळी दाखवल्या, त्याची गणती नाही. मला फक्त चिंचा दिसल्या. तेव्हा पुढची हकीकत वाचून ‘बाई भोळी दिसते’ असं कुणी म्हणू नये...

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली आमचं खेड्यातलं केंद्र बंद झालं आणि मी पुन्हा इस्पितळाची नोकरी धरली — गोंदियात, बायकांच्या इस्पितळात. त्याचं नाव लिहीत नाही. रुजू झाले त्याच आठवड्यात नागपूरचे बडे साहेब पाहणीला येणार होते. झाडांच्या बुंध्यांना चुना लागला, वर गेरूचा पट्टा. रोग्यांनाही लागला असता, पण चुना संपला. मेट्रनबाईंनी बाळंतपणाचे चिमटे काचेच्या कपाटात पांढऱ्या कापडावर पंख्यासारखे मांडले आणि कुलूप घातलं. वॉर्डात अशी पाच कुलपं. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला. प्रत्येक बाईच्या दोन घट्ट वेण्या, पांढऱ्या फिती. आणि राऊंड चालू असताना कुणी कण्हायचं नाही, हा हुकूम!

त्याच सकाळी जानकी आली. पहिलटकरीण, दोन दिवस कळा देऊन थकलेली. तिची सासू कौसल्याबाई मला ओळखत होती. ‘आपली नर्सबाई आता गोंदियाले हाये’ म्हणून तिने सुनेला सौंदडला छोट्या रुळांच्या आगगाडीत घातलं होतं. म्हणजे ही बाई माझ्या भरवशावर आलेली. आणि मी काय केलं? हुकूम होता म्हणून जानकीच्या वेण्या घातल्या. फिती बांधल्या.

“बाई वो, तुमी बी?” कौसल्याबाई म्हणाली. “आमच्या घरी येत होत्या तवा तं काही म्हणत नव्हत्या. आता सोताच गाठी मारून राहिल्या?”

आमच्या भागात बाई अडली की घरात काही बांधलेलं, झाकलेलं ठेवत नाहीत. कुलपं उघडतात, धानाच्या ढोलीचं झाकण काढतात, बैलांची दावी सोडतात, बाळंतिणीचे केस मोकळे करतात. मी कधी अडवलं नाही. पटत होतं म्हणून नव्हे — हात रिकामे राहिले की सासवा पोट दाबायला येतात, म्हणून.

अकराच्या सुमाराला बाळाचे ठोके मंदावले. जानकीची नाडीही हाताला लागेना. डॉक्टरीणबाई हार घेऊन फाटकात उभ्या होत्या. निरोप मिळताच हार शिपायाच्या गळ्यात टाकून धावत आल्या. “चिमटा द्या.”

चिमटा कपाटात. किल्ली मेट्रनबाईंच्या कमरेला, आणि त्याही फाटकात. मी धावले.

“साहेबांनी पाहिल्याशिवाय कपाट उघडायचं नाही,” मेट्रनबाई म्हणाल्या. “मांडणी मोडेल.”

“बाई मरेल हो!”

“हळू बोला, सिस्टर. हे तुमचं खेडं नाही.”



परत आले आणि काच फोडायला लोखंडी स्टूल उचललं. कौसल्याबाई सुनेच्या उशाशी बसून वेणी सोडत होती. एक फीत खाली पडली होती.

“थांबा वो. कायले फोडता?” तिने दुसरी फीत ओढली.

खट्... माझ्यापासून हातभर अंतरावर चिमट्यांच्या कपाटाचं कुलूप उघडून कडीला लोंबकळलं. मग मागे चादरींचं कपाट. दुधाची पेटी. औषधांची अलमारी. शेवटी मागचं दार. एकामागून एक, मी मोजत होते.

“हाय दय्या! किसने खोला?” आया ओरडली.

डॉक्टरीणबाईंनी कपाटाचं दार ओढलं. चिमटा घेतला आणि कामाला लागल्या. थोड्या वेळाने मुलगी रडली, अगदी साहेब वॉर्डात शिरले तेव्हाच. जानकीही वाचली. साहेबांनी शेऱ्यांच्या वहीत इंग्रजीत लिहिलं: कपाटं उघडी आढळली.

संध्याकाळी ती पाचही कुलपं मी स्वतः लावून, दोन्ही हातांनी ओढून पाहिली. एकही ढिलं नव्हतं. जुडगा तर मेट्रनबाईंच्या कमरेवरून हलला नव्हता; हे त्यांनीच शपथेवर सांगितलं. तरी माझ्याकडून जबाब मागितला. ‘कुलपं लावायची राहून गेली, माझी चूक’ एवढं लिहा म्हणाल्या. मी जे पाहिलं ते लिहिलं.

“असं सरकारी कागदावर लिहिता येत नाही.”

“मग कागद बदला,” मी म्हटलं. माझी पगारवाढ तिथेच थांबली.

जानकीला घरी न्यायला निघालेल्या कौसल्याबाईला मी विचारलंच, “कुणी उघडली असतील गं?”

“मले काय माहीत?” नातीचं टोपडं सारखं करत ती म्हणाली. “तुमाले काऊन पाहिजे? पोरगी उठून बसली ना?”

तिला नसेल पाहिजे, मला पाहिजे. इतकी वर्षं झाली, मी सुताराला विचारलं, लोहाराला विचारलं, दोन डॉक्टरांना विचारलं. एक कुलूप समजू शकतं, पाच नाही.  ज्यांना ज्यांना ही हकीकत सांगितली, ते सगळे हेच विचारतात, की कुलपं उघडली कुणी? ती लावली कुणी, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे... आणि ते आजवर एकानेही विचारलेलं नाही.