फूटपट्टीबाईंचे पंचेचाळीस दिवस

आमच्या इमारतीत बातमी अशी फिरली की तिसऱ्या मजल्यावरच्या फूटपट्टीबाईंनी डुलकी लागून दोन विमानं एकमेकांवर घातली आणि त्यांची नोकरी गेली. खोटं कशाला बोलू, पाण्याच्या टाकीपाशी चार जणांना मीच ती सांगितली, आणि चौथ्याला सांगताना दोनाची तीन विमानं केली. प्रत्यक्षात एकही विमान कुठे आपटलं नव्हतं, बाईंना डुलकी लागली नव्हती आणि नोकरी शाबूत होती. फक्त रडारसमोरची खुर्ची काढून त्यांना फायलींच्या खोलीत बसवलं होतं.

फूटपट्टी हे नाव आमच्या हिनं ठेवलेलं. बाई स्कूटर लावतात तीसुद्धा भिंतीपासून बरोब्बर वीतभर सोडून. नवऱ्याला दुकानात धाडताना "साबण दोन, बल्ब एक" म्हणतात आणि त्यानं ते जसंच्या तसं परत म्हटल्याशिवाय त्याला दाराबाहेर सोडत नाहीत. बिचारा जिन्यातही पुटपुटत उतरतो.

ही सवय नोकरीतली. आकाशाचे तुकडे पाडलेले असतात, एकेका तुकड्यावर विमानांना वाट दाखवणारा एकेक कंट्रोलर. जाणाऱ्या विमानांना सम हजार फुटांची उंची, येणाऱ्यांना विषम, म्हणजे मध्ये हजार फूट मोकळे राहतात. एखादं विमान नेमापेक्षा वेगळ्या उंचीवरून शेजाऱ्याच्या तुकड्यात पाठवायचं, तर आधी हॉटलाइनवर सांगायचं. शेजाऱ्यानं ते परत म्हणायचं, मग दोघांनी आपापल्या नावाची दोन अक्षरं सांगायची. अक्षरं पडली की बोलणं पक्कं. नाही पडली, तर बोलणं झालंच नाही असं धरायचं.

शेजारच्या तुकड्यावर होते आमच्याच इमारतीतले, पहिल्या मजल्यावरचे गुळगुळीत साहेब. माणूस जिभेचा गोड आणि वरिष्ठांच्या पुढेपुढे करण्यात तरबेज. त्या दुपारी त्यांच्या एका वैमानिकाला चौतीस हजार फुटांवर धक्के बसत होते. त्यानं तेहतीस मागितले, साहेबांनी दिले. मग हॉटलाइन उचलून एका दमात सगळे आकडे सांगितले आणि ठेवून दिली. बाई तेव्हा रेडिओवर दुसऱ्याच वैमानिकाशी बोलत होत्या. त्या "थांबा" म्हणेपर्यंत पलीकडे फोन ठेवलेलाही होता. थोड्याच वेळात पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकू लागली. तेहतीस हजारांवर दोन विमानं, समोरासमोर. बाईंनी एकाला उजवीकडे वळवलं, दुसऱ्याला खाली उतरवलं, आणि हे सगळं आवाज न चढवता. प्रवाशांच्या कपातला चहा हिंदकळला असेल, तेवढंच.

साहेबांनी अहवालात काय लिहावं? "मी कळवलं होतं, त्यांनी 'हो' म्हटलं."

बाईंनी त्याच संध्याकाळी अर्ज टाकून रेकॉर्डिंग जपायला लावलं, नाहीतर महिन्याभरात ते पुसलं जातं. चौकशीत ते वाजवलं. त्यात 'हो' नव्हतं, अक्षरं नव्हती, फोन ठेवल्याचा खट् आवाज तेवढा होता. पण समितीतले दोघे साहेबांच्या ऊठबशीतले. त्यांनी निकाल दिला, "दोघांमध्ये समन्वयाचा अभाव." साहेबांना पुन्हा प्रशिक्षण. बाईंना खुर्ची परत, पण सेवापुस्तकात ताकीद.

"भावोजी," बाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "मारणाऱ्यानं आणि मार खाणाऱ्यानं मिळून मारामारी केली, असं लिहिलंय माझ्या पुस्तकात. बावीस वर्षं कोरं होतं ते."

"मग वर दाद मागा की!"

"मागितली. साहेबांनी स्वतःच्या हातानं जबाब दुरुस्त केला, तरच ताकीद निघेल म्हणतात."

"तो कसला करतोय!"

"करेल," बाई म्हणाल्या आणि हसल्या. अकरा वर्षांत त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं.

प्रशिक्षणाचा नियम असा, की साहेब पडद्यासमोर बसणार आणि शिकवणारा मागे बसून त्याच लाइनवर ऐकणार. शेवटी शिकवणाऱ्यानं 'सक्षम आहे' म्हणून सही करायची. पन्नास दिवसांत सही मिळाली नाही तर परवाना रद्द, पुढची सगळी नोकरी फायलींच्या खोलीत. साहेबांनी आपल्या दोस्ताचं नाव लावून घेतलं होतं. बाईंनी त्या दोस्ताला स्वतःची मोठ्या सुटीची पाळी दिली आणि बदल्यात त्याची शिकवायची पाळी मागून घेतली. दोस्तच तो! सामान बांधून गेला फिरायला. पहिल्या दिवशी साहेबांनी मागे वळून पाहिलं तर हेडफोन लावून बाई बसलेल्या.

बाईंनी खोटा शेरा एकही मारला नाही. तशी वेळच आली नाही. मागच्या नजरेनं मान तापत असली की माणूस चुकतोच. साहेबांनी फोन जरा लवकर ठेवला की मागून हलकेच आवाज यायचा, "अक्षरं?" उत्तराची वाट न पाहता दुसरीकडे वळले की, "अक्षरं?" विसाव्या दिवशी साहेब घरी जेवताना म्हणे दचकून मागे पाहू लागले. हे त्यांच्या बायकोनंच आमच्या हिला सांगितलं, आणि मग त्या वहिनी स्वतःच बाईंच्या दारात आल्या. समोरचं आमचं दार उघडंच होतं, वारा यावा म्हणून.

"ताई, सोडून द्या ना. चूक माणसाच्या हातूनच होते."

"चूक त्याच दुपारी सोडली, वहिनी. दोन्ही विमानं उतरल्यावर. खोटं लिहिलं ते कसं सोडू?"

"दोन मुली आहेत हो आम्हाला."

"त्या दोन विमानांत मिळून तीनशे माणसं होती. चहा घेणार?"

वहिनी चहा न घेता उतरल्या.

चाळीस दिवस झाल्यावर साहेब सुधारले, हे कबूल करायला हवं. पलीकडचा कितीही गडबडीत असो, हे थांबायचे, परत म्हणून घ्यायचे, अक्षरं घ्यायचे, मगच विमान हलवायचे. सलग पाच दिवस एकही चूक नाही. पंचेचाळिसाव्या दिवशी त्यांनी कागद पुढे केला.

"मॅडम, सही."

"हात तयार झालाय तुमचा," बाई म्हणाल्या. "पण जो माणूस न झालेलं बोलणं झालं म्हणून लिहितो, त्याला सक्षम कसं म्हणू? आधी जुना जबाब दुरुस्त करा."

"हा सरळसरळ सूड आहे!"

"बरोबर ओळखलंत. पाच दिवस आहेत, विचार करा."

साहेबांनी पाच दिवस घेतले नाहीत. त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर आले आणि उंबऱ्यात उभ्या-उभ्या लिहून दिलं, की मी उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला, त्यांनी 'हो' म्हटलं नव्हतं, अहवालात मी खोटं लिहिलं. बाईंनी ते त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. साक्षीदार म्हणून मला हाक मारली, मी काय दाराआडच होतो. मग त्यांनी 'सक्षम आहे' लिहिलं, खाली सही केली आणि कागद दिला.

साहेबांनी घाम पुसला. "झालं ना आता समाधान?"

बाई म्हणाल्या, "समाधान कसलं, साहेब? पंचेचाळीस दिवस इतकी मजा येत होती, तुम्हीच पाच दिवस आधी लिहून देऊन घाण केलीत."