लाल नाड्यांचे बूट

तरुण पोरापोरींच्या सहली शहरभर फिरवण्यात ड्रायव्हरकाकांची सव्वीस वर्षं गेली होती. माणसं चढताना ते आरशातून फक्त बूट बघायचे. चेहरे आठवायचे नाहीत, पण बूट पक्के लक्षात राहायचे. त्या दुपारी मनोऱ्यापाशी त्यांनी सुरू केलेलं इंजिन बंद केलं.

"एक जण कमी आहे."

"काहीतरीच काय! चाळीस पिवळ्या टोप्या मी स्वतः मोजल्यात," सहलप्रमुख ताई तडकली. मागे पोलीस बस हलवा म्हणून शिट्टीवर शिट्टी फुंकत होता.

"टोपीला पाय नसतात, ताई. लाल नाड्यांचे बूट चढलेच नाहीत."

चाळिसावी टोपी शेवटच्या सीटवरच्या बॅगेवर सापडली. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. हाक मारायला ती दाराशी धावली आणि तिथूनच वळली. "अरे, तिचं नाव काय?"

आठ दिवस सोबत हिंडलेल्या पोरांपैकी कुणालाच सांगता येईना.

काका उतरले आणि खाली मान घालून, बूट बघत गर्दीत घुसले. दहा मिनिटांनी तिला घेऊनच आले. पायरीवर तिने हळूच विचारलं, "काका, मी नाही हे कुणाच्या लक्षात आलं?"

"सगळ्यांच्या! तुझ्या नावाने हाका मारून घसे बसले त्यांचे," काका धडधडीत खोटं बोलले.

बसमधल्या सगळ्या माना खाली गेल्या.